हैदराबादच्या झूला जाऊन राहिले? मग हे वाचून निघा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून पाहाल तर नागपूर जवळ, हैदराबाद लांब, पण झू म्हटलं की लोकांचा ओढा हैदराबादकडेच. ४४ नंबरचा हायवे दारावरून जाते, पाटणबोरी मागं टाकली, पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागलाच. दरवर्षी कापसाचे वेचे आटोपले की गावातलं कोणी ना कोणी क्रूझर ठरवते, बारा-तेरा जण कोंबून बसतात, आणि चारमिनार, गोलकोंडा, झू, फिल्मसिटी असं सगळं एका दिवसात उरकायचा बेत होते. मी चार वेळा गेलो, दोनदा नुसते मोठे माणसं, दोनदा पोट्टे आणि म्हातारे सोबत घेऊन. त्यातून एकच गोष्ट पक्की समजली ती आधीच सांगून टाकतो, झूला पूर्ण दिवस द्या, दुसरं काही त्या दिवसात घुसवू नका, आणि आत गेल्यावर सगळंच पाहायचा नाद सोडा. आठ-दहा जनावरं पाहा पण बसून पाहा.

कायले म्हणतो ते सांगतो. हा नेहरू झू पार्क ३८० एकराचा आहे. आपण शेतकरी माणसं, एकर म्हटलं की डोळ्यासमोर येते, आपल्याकडे पाच एकरवाला माणूस, तर असे शहात्तर जणांचे वावर एकत्र केले तर केवढं होईल तेवढं. मीर आलम तलावाच्या काठावर आहे, बहादुरपुरा भागात, आणि १९६३ च्या ऑक्टोबरपासून लोकांसाठी उघडा आहे, म्हणजे झाडं चांगली साठ वर्षांची जुनी, सावली भरपूर. एवढ्या जागेत धावत फिरलं तर संध्याकाळी पाय दुखतात आणि डोक्यात काहीच राहत नाही, पोट्ट्यांना विचारा काय पाहिलं तर म्हणतात आईस्क्रीम.

कधी जायचं

सोमवारी झू बंद असते. हे सगळ्यात आधी लिहून ठेवा. आमच्या बाजूच्या गावची एक गाडी रात्रभर चालून सोमवारी सकाळी गेटवर पोचली होती, सोबत पाच लेकरं, ते गेटच्या जाळीतून आत पाहत उभे होते म्हणे, ऐकूनच जीव चरकला. आणि शुक्रवारी सालारजंग म्युझियम बंद असते, म्हणून दुसऱ्या दिवशी शहर पाहायचं असेल तर तोही हिशोब लावा.

महिना म्हणाल तर संक्रांत आणि एक जानेवारी सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संक्रांत तिकडं आपल्यापेक्षा मोठा सण आहे, तीन-चार दिवस चालते, सगळं शहर झूकडे लोटते आणि मग माणसांच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही. सोयाबीन निघालं, कापसाचा एखादा वेचा घरी आला, चण्याला अजून वेळ आहे, अशा फटीत जाऊन या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते म्हणून लोक जातात पण तेव्हा तिकडंही उन्ह कडक असते, जनावरं सावलीत पडून राहतात, नुसती पाठ दिसते. आठवड्यातला मधला दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, मंगळवार-बुधवार धरा, रविवार टाळा.

पोचायचं कसं

आमच्या तालुक्याच्या गावाहून, म्हणजे पांढरकवड्याहून, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, रस्ता एक नंबर आहे. पण रात्री अकराला निघून सकाळी पोचायचं आणि त्याच ड्रायव्हरनं संध्याकाळी परत फिरायचं हे करू नका, हात जोडून सांगतो. आमची गाडी एकदा निर्मलच्या घाटात अशीच रस्त्याच्या कडेला उतरली, ड्रायव्हरचा डोळा लागला होता, देवानं वाचवलं. आदल्या दिवशी दुपारी निघा, रात्री एखाद्या साध्या लॉजवर झोपा, सकाळी ताजेतवाने झूला जा. दोन खोल्यांचे पैसे बारा जणात वाटले तर माणशी फार येत नाही.

गाडीनं जाणार असाल तर मेडचलजवळ आउटर रिंग रोडला लागा आणि शहराच्या पोटात न शिरता बाहेरून बाहेरून आरामघरच्या बाजूला या, तिथून झू पार्कपर्यंतचा नवा उड्डाणपूल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, चार किलोमीटरचा आहे, पहिले इथंच तास-तास गाडी अडकत होती. चंद्रपूर-बल्लारशाकडच्या लोकांनी रेल्वे धरावी, रात्रीच्या गाडीनं सिकंदराबाद नाहीतर काचीगुडा, तिथून बस किंवा ऑटो. एसटी आणि तेलंगणाच्या बसा पण आपल्या हायवेवरून रोज जातात. भाषेचं टेन्शन घेऊ नका, हिंदी सगळ्यांना येते, आणि आपल्या बॉर्डरवरच्या अर्ध्या लोकांना तर तेलुगू येतेच.

सोबत काय न्यायचं

शिदोरी घरूनच. आमची माय दशम्या करते, दुधात कणिक मळलेल्या, दोन दिवस काही होत नाही, सोबत शेंगदाण्याची चटणी, तिखट ठेचा आणि कांदा. पण एक लक्षात ठेवा, झूमध्ये प्लास्टिक चालत नाही, गेटवर बॅगा तपासतात. आपल्या इथली सवय म्हणजे सगळं पन्नीत बांधायचं, चटणी पन्नीत, चिवडा पन्नीत. ते सगळं स्टीलच्या डब्यात भरा, भाकरी-दशमी फडक्यात बांधा, पाणी स्टीलच्या बाटलीत. ही कटकट वाटते पण कारण ऐका, हरणाला, हत्तीला पन्नीला लागलेल्या मिठाचा, तेलाचा वास येते, ते पन्नीसकट गिळतात आणि ती पोटात गोळा होऊन बसते. आपल्या गावच्या गाईचं पोट फाडून डॉक्टरनं पन्न्यांचा ढीग काढलेला ज्यानं पाहिला त्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

आणि खर्रा. दादा लोकहो, खर्रा, सुपारी, तंबाखूची पुडी गाडीतच ठेवा. जागोजागी पिचकाऱ्या मारत फिरलो तर बाकीचे लोक आपल्या पोट्ट्यांकडेही त्याच नजरेनं पाहतात.

बाकी पायात चप्पल नको, बूट नाहीतर पट्ट्याचे सँडल, दिवसभरात सहा-सात किलोमीटर चालणं आरामात होते. डोक्याला दुपट्टा. म्हाताऱ्यांची गोळी-औषधं. लहान पोराच्या खिशात चिठ्ठीवर बापाचा मोबाईल नंबर लिहून टाका. मागच्या खेपेला आमच्यातलं सहा वर्षांचं पोरगं माकडांजवळ मागं राहिलं, वीस मिनिटांनी सापडलं, पण ती वीस मिनिटं त्याच्या मायनं कशी काढली ते मी पाहिलं. चिठ्ठी असती तर दोन मिनिटात फोन आला असता. जुनी दुर्बीण कोणाकडे असेल तर मागून न्या, लय कामात येते.

आत गेल्यावर

गेट सकाळी साडेआठला उघडते. तुम्ही सव्वाआठला तिथं पाहिजे. तिकिटाचे दर अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या रात्री मोबाईलवर झूच्या वेबसाईटवर पाहून घ्या, तिथूनच ऑनलाईन तिकीट पण काढता येते. कॅमेऱ्याचं, सफारीचं, बॅटरीच्या गाडीचं, छोट्या रेल्वेचं तिकीट वेगळं लागते, हे माणशी धरून आधीच हिशोब करा, नाहीतर आत गेल्यावर घरातल्या घरात भांडणं होतात. थोडे सुटे पैसे जवळ ठेवा, फोनवरून पैसे जातात सगळीकडे पण गर्दीत कधी नेट चालत नाही.

आत शिरल्याबरोबर पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपाशी सगळी गर्दी थांबते, कारण ते पहिले दिसते. तुम्ही थांबू नका, सरळ वाघ-सिंहाकडे चला. सकाळी ऊन चढायच्या आधी मोठी मांजरं जागी असतात, फिरतात, पाणी पितात, अकरा वाजले की आडवी होतात ते चार वाजेपर्यंत. पक्षी दुपारीही दिसतात. म्हातारे सोबत असतील तर त्यांना बॅटरीच्या गाडीत बसवून वाघापर्यंत न्या, चालवून दमवू नका, त्यांची ताकद पाहण्यासाठी राखून ठेवा.

इथं पिंजरे म्हणजे गजाचे नाहीत बरेचसे. मधी खोल खंदक, त्यापलीकडे मोकळी जागा, झाडं, पाणवठा, त्यात वाघ. म्हणून जनावर अंगावर येईल असं वाटते आणि म्हणूनच लोक फोटोसाठी कठड्यावर चढतात. चढू नका, लेकराला कठड्यावर बसवून तर बिलकुल नाही. २०१४ मध्ये दिल्लीच्या झूत एक तरुण असाच पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला आणि जीवानिशी गेला, सगळ्या देशानं तो व्हिडिओ पाहिला होता.

आता बसून पाहा म्हणतो ते कसं, ते माझ्या मायवरून सांगतो. आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलाला लागून. २०१८ मध्ये आमच्या या पट्ट्यात, पांढरकवडा-राळेगावकडे, वाघिणीची केवढी दहशत होती ते सगळ्यांना माहीत आहे, बाया घोळक्यानं वेचायला जात आणि चार वाजले की कापूस तसाच टाकून घरी. मायनं तीस वर्षांत वाघ कधी पाहिला नाही. पाहिले ते ठसे, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या ओल्या मातीत, तिच्या हाताच्या पंजाएवढे. रात्री जागलीवरून ऐकला आवाज. म्हणजे सगळी उमर ज्याच्या भेवानं गेली त्याचं तोंड माहीत नव्हतं.

तर तिला मी सकाळी नऊच्या आधी वाघाच्या समोर नेऊन बसवलं आणि बाकी सगळ्यांना पुढं पाठवून दिलं. वाघ पहिले झाडाखाली होता. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग उठला, अंग ताणलं, आणि आमच्याकडे पाठ करून पाण्यावर गेला, आणि लप लप लप असा आवाज आला तो इतक्या दूर ऐकू येत होता. माय एकदम म्हणे, याच्या कानामागं पाहा कसे पांढरे ठिपके आहेत, जसे डोळेच. मी फोटोत हजार वाघ पाहिले पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. खरंच असते तसं, प्रत्येक वाघाच्या दोन्ही कानांच्या मागं काळ्यावर पांढरा ठिपका. मग मी तिला पट्टे दाखवले, की डाव्या अंगाचे वेगळे, उजव्याचे वेगळे, आणि एका वाघाचे दुसऱ्याशी कधी जुळत नाहीत, जंगलात कॅमेरे लावून फॉरेस्टवाले याच पट्ट्यांवरून वाघ मोजतात. अर्धा तास ती तिथंच बसून होती. उठताना एवढंच बोलली, "गरमीचं त्यालेही सहन होत नाई, आपल्यासारखंच."

म्हणून म्हणतो, एका जनावरापुढं वीस-तीस मिनिटं द्या. शिट्ट्या नको, "ए वाघ्या" नको, खडे मारणं तर पापच. जनावर एकाच रेषेत इकडून तिकडं, तिकडून इकडं सारखं फिरताना दिसलं तर तो त्याचा रुबाब नसते, कोंडून राहण्याचा ताण असते, तिथं जास्तच शांत राहा. खायला काहीही टाकू नका. वन्यजीव कायद्यात झूमधल्या जनावराला छेडणं, खाऊ घालणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि नुसता कायदा म्हणून नाही, मे २०२१ मध्ये याच झूतल्या आठ सिंहांना कोरोना झाला होता, भारतात जनावरांत सापडलेली ती पहिलीच केस. बरे झाले ते, पण तेव्हा समजलं की माणसाचा रोग त्यांना लागते. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर कठड्याला चिकटून उभे राहू नका.

पांढऱ्या वाघापाशी पोट्टे विचारतीलच की हा कोणत्या देशाचा. तर हा वेगळ्या जातीचा नाही, आपलाच पट्टेदार आहे, फक्त रंगाचा गुण आईबाप दोघांकडून आला तर असा निघते. रीवाच्या राजानं १९५१ मध्ये मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला होता, आज झूमध्ये दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. आणि सिंहापाशी हेही सांगा की हा आपला सिंह मोकळा राहते तो जगात फक्त गुजरातच्या गीरकडे.

सफारीची बस सकाळीच घ्या, जाळीच्या गाडीतून सिंह, वाघ, अस्वल, गवा दाखवतात, पण बस चालती असते, नजर ठरत नाही, म्हणून ती पायी पाहण्याच्या बदल्यात धरू नका, वरून धरा.

अस्वल मात्र नक्की बसून पाहा. आपल्याकडे मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसावर अस्वल धावून येते, गावागावात त्याच्या नखांचे व्रण असलेला एखादा बुढा असतेच. त्याची नखं पाहा, बोटाएवढी लांब, वारूळ फोडायला. तोंड पाहा, ओठ लांब आणि वरचे मधले दोन दात नसतातच, त्या फटीतून हवेसारखी वाळवी ओढून घेते. नजर आणि कान त्याचे कमी, म्हणून माणूस एकदम जवळ आला की घाबरून हल्ला करते. हे समजलं तर पुढच्या मोहाच्या दिवसात आपण जंगलात बोलत, आवाज करत जाऊ.

दुपारचं

बारा ते तीन ऊन टाळायचं. आधी झाडाखाली बसून शिदोरी सोडा, माकडांपासून डबे सांभाळा, ते मोकळे फिरणारे असतात. मग जे छताखाली आहे ते घ्या, मासे, साप, आणि रात्रीच्या प्राण्यांचं घर.

हे रात्रीचं घर या झूची शान आहे. तिथं दिवस-रात्र उलटी केली आहे, रात्री लख्ख दिवे लावतात, म्हणजे आतली जनावरं त्याला दिवस समजून झोपतात, आणि आपण दुपारी जातो तेव्हा मिणमिणता उजेड, म्हणजे त्यांची रात्र. घुबडं, वटवाघळं, उदमांजर, लाजवंती नावाचं मोठ्या डोळ्यांचं माकडासारखं छोटं जनावर, सगळे जागे. लोक काय करतात, उन्हातून एकदम आत शिरतात, काही दिसत नाही, "खाली आहे बे" म्हणत दोन मिनिटात बाहेर. तुम्ही दारातून आत आल्यावर भिंतीला लागून पाच-सात मिनिटं चुपचाप उभे राहा, जागलीवर नाही का, टॉर्च विझवली की आधी काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू बांध दिसते, झाड दिसते, तसंच. मोबाईलची टॉर्च लावू नका, फ्लॅश मारू नका, त्यांचे डोळे अंधाराचे आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी पट दुखते त्यांना.

पिसोरी दिसली तर सोडू नका. गडचिरोलीकडच्या जुन्या लोकांना नाव माहीत असेल, हरणासारखी दिसते पण सशाहून थोडी मोठी, शिंगं नाहीत, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. जंगलात ती दिसणं कठीण, पण या झूनं हैदराबादच्याच सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत मिळून पिसोरीची पैदास केली आणि तेलंगणाच्या जंगलात परत सोडली. झू म्हणजे नुसतं कोंडून ठेवणं नाही हे पोरांना दाखवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तीन-साडेतीनला ऊन उतरलं की गेंडा, पाणघोडा, हत्ती, जिराफ. पाणघोड्यानं तोंड उघडलं की सगळे म्हणतात हसून राहिला, तो धमकी देत असते. यांच्यापाशी घाई झाली तरी चालते, मोठे आहेत, दुरून दिसतात. छोट्या रेल्वेत म्हाताऱ्यांना आणि लेकरांना शेवटी बसवा, थकल्यावर बसल्या बसल्या चक्कर होते.

पाच वाजता बाहेर. चारमिनार इथून तीन-चार किलोमीटर आहे, मन करेल, पण त्या दिवशी नको, लेकरं पेंगुळलेली असतात. गेटबाहेर इराणी चहा घ्या, उस्मानिया बिस्किट बुडवून, आणि लॉजवर जाऊन झोपा.

गेटबाहेर प्लास्टिकचे वाघ-सिंह विकतात, ते घेऊ नका. दुसऱ्या दिवशी परत येताना निर्मल लागते, तिथले लाकडी खेळणे नावाजलेले आहेत, पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाचे, हातानं रंगवलेले, हरीण, मोर, वाघ सगळं मिळते. दुकानं रात्री उघडी नसतात म्हणून हैदराबादहून सकाळी सातला निघा, अकराच्या आत निर्मल, तिथं अर्धा तास, आणि दुपारच्या जेवणाला घरी.